डिचोली–म्हापसा

लिझेट टीचर म्हणाली, 'आ' म्हण, दुर्वा. लांब.
दुर्वाने म्हटलं.
संगणकावर एक रेघ निघाली
आणि हादरत गेली, मुळगावच्या रस्त्यासारखी,
खाणीचे ट्रक धावायचे तेव्हाच्या.

शब्द छान येताहेत, टीचर म्हणाली.
'पाणी', 'नको', 'परत नको'.
पण आवाज खरखरतो. घशावर ताण आहे.
चार वर्षांच्या मुलीचा आवाज असा नसतो.
सुचेता माझ्याकडे बघत होती.
मी रेघेकडे.

अठरा वर्षं दारात लोंबकळून ओरडतोय मी:
म्हापशें म्हापशें म्हापशें,
थिवी, करासवाडा,
फुडें वचात, फुडें वचात, मागे जागा आहे.
दर उन्हाळ्यात घसा बसायचा, पावसाळ्यात उठायचा.
यंदा उठलाच नाही.
सुट्ट्या पैशांवरून भांडतो तेव्हा
फरशीवरून पिंप ओढल्यासारखं काहीतरी बाहेर पडतं.

तिला ऐकू यायला लागून वीस महिने झाले.
कानामागे यंत्र, यंत्रातून वायर,
केसांत चिकटलेलं नाण्याएवढं चुंबक.
ते सुरू केलं त्या दिवशी ती रडत सुटली.
कुणाचं ऐकेना. मग माझी पिशवी सांडली
आणि ती थांबली.
तासभर बसली जमिनीवर,
पाचाचं नाणं टाकून बघ, दोनाचं टाकून बघ,
पाचाचं परत.

त्याआधी तिचा एक आवाज होता.
कुणाचा ऐकून घेतलेला नव्हता.
वर जायचा आणि तिथेच राहायचा,
माडावर चढून उतरायचं विसरलेल्या पाडेल्यासारखा.
सुचेताला तो आठवतो.
हे तिने मला एकदाच सांगितलं, कांदा चिरताना,
म्हणजे डोळ्यांचं काही विचारता येऊ नये.

तुम्ही म्हणा 'आ', टीचर म्हणाली.
मी?
तुम्हीच.
आधार कार्डाच्या फोटोला बसतात तसा ताठ बसून
मी म्हटलं.
रेघ निघाली.
तीच. तसेच खड्डे,
थिवीच्या उतारावर डगमगते तशीच शेवटी डगमगलेली.

टीचर हसली, मग हसू आवरून म्हणाली,
यावरून काही सिद्ध होत नाही हं.
अशा बऱ्याच मुलांचा आवाज ताणलेला असतो.
ज्यांचे वडील बँकेत असतात त्यांचाही.
मला पटलं.
तरी दोन्ही रेघांचा कागद मागून घेतला
आणि बसच्या काचेशी, परमिटच्या मागे खोचला.
नाक आईचं, डोळे आईचे, रंग आजोळचा.
चार वर्षं हेच ऐकत होतो.

आता मी ओरडत नाही. पत्र्यावर थाप मारतो.
एक, थांब.
दोन, चल.
बाबुसो ड्रायव्हर आठवडाभर वैतागला, मग विसरला.
संध्याकाळी मी आणि दुर्वा
एकेक ग्लास पाणी घेऊन पायरीवर बसतो,
नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढतो,
गळा सैल, खांदे सैल, टीचरने दाखवलं तसं.
तिचे बुडबुडे जास्त वेळ टिकतात.
माझे पंधरा मोजेपर्यंत खोकल्यात जातात.
तिच्याशी बोलताना मी आवाज मांडीवर घेऊन बसतो.
तो सारखा उतरून पळू बघतो.

रात्री यंत्र काढून डब्यात ठेवायचं,
ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी. आमची हवा अशी.
मग दिवा जातो, आणि ती बोलू लागते.
स्वतःला ऐकू न येता, पूर्ण जोरात.
खरखर नाही, पिंप नाही.
माडावरचा तो.
'डिचोली! मुळगाव! थिवी!'

सुचेता हलत नाही. कूस बदलायचीही राहते.

अस्नोडा राहिला, मी म्हणतो.
कुणाला म्हणतो?
ती थांबली आहे. बहुतेक वाट बघते आहे.
अंधारात मी तिची पाठ शोधतो
आणि दोन थापा मारतो.